ब्लूज शिकवा, पण कापूस गाळून नको

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला अमेरिकन शाळांमधल्या ब्लूज शिक्षणावरचा, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या शिक्षणावरचा, लेख वाचला. लेखिकेचा उत्साह पोचला. ब्लूजमुळे मुलांची एकाग्रता वाढते, अपूर्णांक पक्के होतात, संघभावना रुजते, स्टेजची भीती जाते, असं बरंच काही कळलं. पचनावर काय परिणाम होतो तेवढं राहिलं. आणखीही एक गोष्ट राहिली. अख्ख्या अर्ध्या पानात गुलामगिरी हा शब्द एकदाही आलेला नाही. कापूसही नाही. मिसिसिपी आहे, पण नुसती नदी म्हणून, त्याच नावाचं राज्य म्हणून नाही.

मी अमेरिकेच्या दक्षिणेत, टेनेसी राज्यात राहते आणि माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते, म्हणून लिहिण्याचा खटाटोप करते आहे. एरवी आपल्या पुरवणीशी वाद घालणं मी सोडून दिलं होतं.

मुलगी पाचवीत असताना तिच्या शाळेत असाच ‘ब्लूज दिवस’ झाला. पालक स्वयंसेवक म्हणून मी हॉलच्या मागच्या भिंतीशी उभी होते. खुर्च्या मांडायच्या आणि शेवटी उचलायच्या, एवढंच काम. मिसिसिपीहून एक वयस्कर वादक आले होते. हातात गिटार, खिशात दोन-चार हार्मोनिका (माउथ ऑर्गन), आणि गोष्टी सांगायची भारी हौस. पहिलं गाणं संपवून ते मुलांना म्हणाले, “मी तुमच्याएवढा होतो ना, तेव्हा कापूस फुटला की आमची शाळा बंद!” मुलांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी मागून ओरडलं, “लकी!” म्हातारबाबाही हसले. मग म्हणाले, “थांबा, शाळा बंद करून आम्हाला कुठे पाठवायचे ते तर ऐका...” तेवढ्यात संयोजक बाई माइक घेऊन पुढे सरसावल्या. वेळ कमी आहे, आपल्याला आपलं स्वतःचं गाणं करायचंय ना, चला चला! म्हातारबाबांनी एकवार त्यांच्याकडे बघितलं आणि मुकाट्याने गिटार उचलली. असं होण्याची त्यांना सवय असावी.

शाळा बंद करून कुठे पाठवायचे, ते लेखिकेच्या माहितीसाठी सांगते. मिसिसिपी डेल्टात, म्हणजे त्या राज्यातल्या कापसाच्या पट्ट्यात, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांचं वेळापत्रक कापसावर ठरायचं. वेचणीच्या हंगामात शाळेला कुलूप, पोरं शेतात. बुडालेले दिवस भर उन्हाळ्यात शाळा भरवून काढायचे. गोऱ्या मुलांच्या शाळा मात्र नेहमीसारख्या चालू. सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये वेगवेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्यानंतरही मिसिसिपीने पंधराएक वर्षं चालढकल केली. आईबाप दुसऱ्याची जमीन अर्धेलीने कसायचे, बियाणं आणि किराणा मालकाच्याच दुकानातून उधारीवर आणायचे, आणि वर्षाअखेरचा हिशेब मालकाच्याच वहीत व्हायचा. तो कुणाच्या बाजूने निघत असेल हे सांगायला नको. 1925 साली जन्मलेला ब्लूजचा प्रसिद्ध गायक-गिटारवादक बी. बी. किंग लहानपणी हेच करत होता. तसाच नावाजलेला गायक मडी वॉटर्स, त्याने 1943 मध्ये मळा सोडून शिकागोची गाडी पकडली, ती हवापालटासाठी नव्हे. ब्लूज या सगळ्यातून आला आहे, अपूर्णांक पक्के व्हावेत म्हणून नाही.

तर मुलांचं गाणं झालं. ब्लूजचा साधा साचा असा, की पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत काहीतरी उत्तर द्यायचं. बारा बारमध्ये (तालाच्या बारा आवर्तनांत) एक कडवं संपतं आणि तीन कॉर्डवर (स्वरसमूहांवर) काम भागतं, म्हणून मुलांना पटकन जमतं. आमच्या मुलांनी टॅब्लेटचा चार्जर हरवल्याचं दुःख गायलं. सकाळी उठलो तर चार्जर नाही, सकाळी उठलो तर चार्जर नाही, आता बसमध्ये करू काय! सगळे खूष. खरं सांगायचं तर गाणं वाईट नव्हतं. ब्लूज म्हणजे नुसतं रडगाणं नव्हे, त्यात थट्टा असते, चावटपणा असतो, मालकाला मारलेले टोमणे असतात, हे मलाही कळतं. चार्जरला माझी काही हरकत नाही. पण चार्जरसाठी कापसाचा माइक काढून घेतला, हे मला आजही पचलेलं नाही.

घरी येताना गाडीत मुलीने विचारलं, “त्यांना कापसाची सुट्टी असायची, मग आपल्याला का नाही?” तिला मी उत्तर दिलं. त्या हॉलमधल्या बाकीच्या मुलांना कुणी दिलं असेल असं वाटत नाही. म्हणजे एक पूर्ण दिवस ब्लूज शिकून मुलं काय घेऊन गेली, तर जुन्या काळी कृष्णवर्णीय मुलांना जास्त सुट्ट्या मिळत!

मी शाळेला ईमेल केली. उत्तर फार सभ्य आलं. कार्यक्रम ‘वयाला साजेसा’ आणि ‘सर्वांसाठी आनंददायी’ ठेवण्याचं धोरण आहे म्हणे. दहा वर्षांच्या पोराच्या पाठीला कापसाची गोणी बांधणं त्याच्या वयाला साजत होतं, दहा वर्षांच्या पोराला ते सांगणं मात्र साजत नाही.

शाळेच्या बाजूने एक गोष्ट मांडायला हवी, आणि लेखात तीही नाही. टेनेसीत 2021 पासून आणि मिसिसिपीत 2022 पासून वंशाविषयी वर्गात काय शिकवू नये याचे कायदे आहेत. म्हणजे ब्लूजचं माहेर असलेल्या राज्यांमध्येच. आमच्या टेनेसीच्या कायद्यात शाळांचं राज्याकडून येणारं अनुदान रोखण्याची तरतूद आहे. गंमत अशी, की त्याच कायद्यात एखाद्या समाजावर झालेल्या अत्याचारांचा इतिहास निःपक्षपातीपणे शिकवायला मुभाही दिली आहे. पण मुभेचं कलम कोण वाचतं? अनुदान शब्द दिसला की माइक हिसकावला जातो. डफ कसा धरायचा ते शिकवायचं आणि पोवाडा कुणावर रचला ते सांगायचं नाही, असला हा प्रकार.

टेनेसीतल्या मेम्फिसच्या ब्लूज फाउंडेशनचं आणि मिसिसिपीतल्या क्लार्क्सडेलच्या डेल्टा ब्लूज म्युझियमचं लेखिकेने कौतुक केलं आहे, ते रास्तच. पण म्युझियमच्या वर्गांत शिकलेला तरुण गिटारवादक किंगफिश इनग्रॅम 2022 मध्ये ग्रॅमी घेऊन आला, तो एका दुपारच्या ‘ब्लूज दिवसा’मुळे नव्हे. तो क्लार्क्सडेलचाच पोरगा, लहान वयात त्या वर्गांत गेला आणि जुन्याजाणत्यांकडून शिकला. शाळांना खरोखरच काही करायचं असेल तर म्हाताऱ्या वादकांना वर्षभर पुन्हापुन्हा बोलवा, नीट मानधन द्या आणि वाद्य हातात घेण्याआधी त्यांना बोलू द्या. आमच्याकडे आलेल्या वादकांना शाळेचं नाव छापलेला मग आणि एक गिफ्ट कार्ड मिळालं. पेट्रोल कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आता थोडं आपल्या पुरवणीबद्दल. ब्लूज गायिका बेसी स्मिथचं ‘बॅकवॉटर ब्लूज’ हे 1927 च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं गाणं, असं लेखात ठोकून दिलं आहे. ते ध्वनिमुद्रित झालं त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आणि मिसिसिपी नदीचे बांध फुटले एप्रिलमध्ये. बेसी स्मिथ थोर होती, पण ज्योतिषी नव्हती. आणि लेखासोबत जे छायाचित्र आहे, त्याखाली ‘हार्मोनिका वाजवताना विद्यार्थी’ अशी ओळ आहे. विद्यार्थ्याच्या हातात सॅक्सोफोन आहे. तो वाकडा, पितळी आणि जवळजवळ त्या मुलाएवढा मोठा आहे, त्यामुळे गल्लत व्हायला वाव कमी होता.

माझं मागचं पत्र आपण निम्मं कापून छापलं होतं आणि उरलेल्या निम्म्यात माझं म्हणणं बरोबर उलटं झालं होतं. याही वेळी जागा कमी पडली तर सॅक्सोफोनचा भाग खुशाल काढा. कापसाचा परिच्छेद मात्र ठेवा. तो एकदा आमच्या शाळेत कापून झाला आहे.

आपली,
एक वाचक, टेनेसी