नागोयाहून अण्णा-आईस

तीर्थरूप अण्णा व आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इकडं जपानात खुशाल आहे. परवा फोनवर आई रडली, तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर नीट सांगणं होत नाही म्हणून लिहितोय. अक्का वाचून दाखवेल.

आई, 2023 च्या ऑगस्टमध्ये शहापूरजवळ समृद्धीच्या पुलाचं गर्डर बसवायचं यंत्र कोसळलं आणि 20 माणसं गेली. तेव्हापासून क्रेन म्हटलं की तुला तेच दिसतं, हे मला कळतं. पण मी आभाळाला टेकलेल्या क्रेनवर बसत नाही. पाच टन आणि त्यावरच्या फिरत्या क्रेनला इथं सरकारी परीक्षा आहे, ती मी अजून दिलेली नाही. माझी ट्रकवरची छोटी क्रेन, 2.9 टनांची. तीसुद्धा तीन दिवसांचं शिक्षण घेऊन पास झाल्याशिवाय हातात मिळत नाही. मालाला पट्टे बांधायचं शिक्षण आणखी वेगळं. तेही झालंय.

इथली एक रीत मात्र तुम्हाला सांगूनही पटायची नाही. सकाळी रेडिओवरच्या संगीतावर सगळ्यांनी कवायत करायची. मग गोल उभं राहून आज कशानं जीव जाऊ शकतो ते ज्याचं त्यानं बोलायचं. त्यानंतर दिवसभर, काहीही करण्याआधी, हात सरळ लांबवून त्या वस्तूकडं बोट करायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'आउटरिगर, योशी!' आउटरिगर म्हणजे ट्रकला आधार द्यायला बाजूला पसरायचे पाय, आणि योशी म्हणजे ठीक आहे. पट्ट्याकडं बोट, हुकाकडं बोट, वरच्या विजेच्या तारांकडं बोट. आसपास चिटपाखरू नसलं तरी ओरडायचंच. रेल्वेचा ड्रायव्हरही केबिनमध्ये एकटा असताना सिग्नलला बोट दाखवून असंच बोलतो. सुरुवातीला मला फार लाज वाटायची. आता कळतंय, की नुसतं बघताना मन घरी गेलेलं असू शकतं. बोट आणि तोंड चाललं की ते जागेवर येतं. माझं मन घरी बरंच जातं, म्हणून मी जोरात ओरडतो.

पुढचं अण्णांसाठी. माल आधी फक्त 30 सेंटिमीटर उचलायचा, तीन सेकंद थांबायचं, आणि बांधणाऱ्यानं तीन मीटर लांब जायचं. त्या तीन सेकंदांत पट्टा सरकतोय का, माल कलतोय का, ते गुडघ्याखालीच कळतं. वर गेल्यावर कळून काय उपयोग? ट्रकच्या तोंडाकडं बूम, म्हणजे क्रेनचा लांब हात, फिरवला तर एरवीच्या जेमतेम पाव वजनच उचलायचं, कारण पाय पसरलेले असले तरी पुढं आधार कमी. अण्णा, तुमच्या साखर कारखान्याच्या गव्हाणीवर, ऊस टाकतात तिथं, हंगाम जोरात असेल. उसाची मोळी क्रेननं हवेत असताना तुम्ही खालून ये-जा करता, हे मी लहानपणापासून बघितलंय. आई माझ्यासाठी जागते, मी तुमच्यासाठी जागतो. मुकादम ओरडला तर ओरडू दे, मोळी खाली टेकेपर्यंत लांब थांबा. एवढं माझं ऐका.

वाऱ्याचं विचारलं होतं. हिवाळ्यात इबुकी डोंगरावरून इथं बोचरं वारं सुटतं. सेकंदाला 10 मीटर, म्हणजे ताशी 36 किलोमीटरच्या वर सतत राहिलं आणि धोका दिसला, की क्रेन बंद. तसा कायदाच आहे. त्या दिवसाचे पैसे कापत नाहीत. आमच्या व्हिसाला महिन्याचा ठरलेला पगार द्यावाच लागतो. जेवणाची काळजी नको, तांदूळ चांगला मिळतो.

सोसायटीच्या हप्त्याचे पैसे पाठवलेत. अक्काच्या लग्नाचे वेगळे पाठवलेत, त्यातून हप्ता भरू नका. साखरपुड्याला मला येता येणार नाही. अक्का, रागावू नकोस. गुरुजींना विचारा, 29 एप्रिल ते 5 मेमध्ये मुहूर्त निघतो का. तेव्हा इथं बऱ्याच सुट्ट्या असतात. तिकीट महाग पडेल, पण ते माझं मी बघतो. नाहीच निघाला तर माझ्यासाठी लग्न अडवू नका, कानपिळीला मामाच्या पोराला उभं करा. मला चालेल. तासगावच्या स्थळाला मात्र इतक्यात काही शब्द देऊ नका. आधी अक्काचं होऊ दे, कर्ज फिटू दे.

अण्णांसाठी पुढं लोखंडी टोपी असलेले बूट घेतलेत, पार्सलनं येतील. जपून ठेवू नका, त्याच दिवसापासून कारखान्यावर घाला.

तुमचा,
बाळू