प्लग निरखायला शिकवणाऱ्यांचे आभार

ग्रासकटरचं टू-स्ट्रोक इंजिन सुरू होईना की नवा स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) गळ्यात न मारता आधी जुना निरखायला लावणाऱ्या सगळ्या मिस्त्रींचे मनापासून आभार. प्लग काळा, ओला असेल तर चोक ओढलेला राहिला, एअर फिल्टर तुंबला किंवा पेट्रोलमध्ये ऑइल जास्त झालं. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण २५:१ सांगितलं असेल तर लिटरभर पेट्रोलला ४० मिली ऑइल, मापूनच. बाटलीच्या झाकणाचा अंदाज कामाचा नाही. पांढराफटक प्लग म्हणजे कार्बोरेटरच्या गॅस्केटमधून हवा शिरत असावी. तसंच रेटलं तर पिस्टन जाम! फिलर गेजने (फट मापायच्या पातळ पट्ट्यांनी) प्लगच्या टोकांमध्ये ०.६ ते ०.७ मिमी गॅप लावून देणाऱ्यांचेही आभार. आणि "ठिणगी बघताना प्लगचं भोक उघडं ठेवू नका, आतली पेट्रोलची वाफ पेट घेईल" असं दरडावणाऱ्यांचे तर विशेष.