पडझडीस संस्था जबाबदार नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली वृद्धाश्रमाची बातमी सकाळी वाचली, रात्री झोप येईना म्हणून पुन्हा वाचली. ‘स्वच्छतागृहात तोल जाऊन पडल्याने वृद्धेचा मृत्यू’ असा मथळा आपण दिलात. तोल त्यांचा गेला, पडल्या त्या, गेल्याही त्याच. अख्ख्या वाक्यात दुसरं माणूसच नाही. शेजारी चौकट काय, तर ‘कुठे हरवले संस्कार?’ म्हणजे बाई पडली वृद्धाश्रमात आणि संस्कार गेले मुलाचे. त्या रात्री तिथे पाळीवर किती जण होते, हे चार परिच्छेदांत एकदाही आलेलं नाही. आपल्या वार्ताहराने विचारलं असेल आणि जागेअभावी गाळलं असेल, असं मी समजतो. पान सातवरचं अर्धं पान ‘आजी-आजोबांचं हक्काचं दुसरं घर’ या जाहिरातीला दिल्यावर जागा कमी पडणारच.

बातमीत आपण त्या जागेला एकदा ‘नर्सिंग होम’ही म्हटलं आहे. नर्सिंग होम म्हणजे आपल्याकडे छोटं इस्पितळ. त्याला 1949 चा कायदा आहे, नोंदणी आहे, नर्स लागते. माझी बहीण जिथे होती त्या वृद्धाश्रमाच्या भिंतीवर शॉप अ‍ॅक्टचं लायसन्स होतं आणि शेजारी गजानन महाराज.

अक्का माझी थोरली बहीण, वय 81. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. लग्न केलं नाही, त्यामुळे मूल नाही. आता कोणाचे संस्कार हरवले ते चौकटवाल्यांनी सांगावं. मी 72 चा, तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, आणि सौ.चे दोन्ही गुडघे बदललेले आहेत. अक्का स्वतःच्या पेन्शनीतून, स्वतः जागा बघून तिथे गेली. महिना 22 हजार आणि डिपॉझिट 2 लाख. तिची तक्रार एकच होती, की सगळे तिला ‘आजी’ म्हणतात. ‘मी कुणाची आजी नाही, बाई म्हणा,’ असं ती सांगायची. दोन दिवस म्हणायचे, मग पुन्हा आजी.

मागच्या श्रावणातली गोष्ट. रविवारी सकाळी साडेअकराला मॅनेजरचा फोन आला. ‘काका, आजींचा पाय जरा मुरगळलाय, काळजीचं काही नाही, मालिश करून घेतलीय, शेक चालू आहे.’ मी पोचलो तर अक्काचा उजवा पाय बाहेरच्या बाजूला पडलेला आणि डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. खुब्याचं हाड मोडलं की पाय असाच दिसतो, हे मला संध्याकाळी हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. मी कारकून माणूस, मला ते ठाऊक नव्हतं. 22 म्हातारी माणसं पैसे घेऊन सांभाळणाऱ्यांना ठाऊक नसावं? मोडलेल्या हाडाला त्यांनी तेल चोळलं.

ती कशी पडली ते ऐका, कारण ‘तोल गेला’ या दोन शब्दांत बरंच काही दडलेलं असतं. अक्काला रक्तदाबासाठी लघवी होण्याची गोळी आहे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलं होतं, सकाळी नाश्त्यानंतर. तिथे ती रात्री आठला द्यायचे. का, तर ‘सगळ्यांच्या गोळ्या रात्री एकदमच देतो, गोंधळ नको.’ सोबत झोपेची एक गोळी, ती कोणी लिहून दिली ते आजतागायत समजलेलं नाही. आता झोपेची गोळी घेतलेल्या माणसाला लघवीची गोळी रात्रीतून तीनदा उठवणार, हे समजायला गणिताची बाई व्हायला नको. ती उठायची. उठू नये म्हणून त्यांनी काय केलं असेल? वॉकर काढून घेतला. दिवे बंद करताना वॉकर घडी करून कपाटामागे ठेवायचा, म्हणजे आजी पलंगावरून हलणार नाहीत. घंटेचं बटण होतं, पण वायर उशाच्या वरच्या खिळ्याला गुंडाळलेली. मग आजी वॉकरशिवाय हलल्या. मोरीच्या उंबऱ्याशी फरशी ओली होती, धरायला भिंतीत दांडी नव्हती.

घड्याळात तीनला पाच कमी होते, असं अक्का सांगते, आणि आकड्यांत ती चुकत नाही. सकाळी सहाला चहा घेऊन मावशी आली तोवर ती फरशीवर. हाका मारून घसा बसला, मग झोप लागू नये म्हणून पाढे म्हणत बसली. तीसपर्यंत दोनदा झाले, मग पावकी, निमकी, पाऊणकी. औटकी चालू असताना चहा आला.

रात्रपाळीला सगळ्या 22 जणांना मिळून ती एकच मावशी आणि गेटवर वॉचमन. मावशीने दिवसपाळीही केलेली होती, बदलीची बाई आली नव्हती. तिला वरच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांचे डायपर बदलायचे होते, ती तिकडे होती आणि तिथेच बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. माझ्या पायाशी येऊन रडली. दुसऱ्या दिवशी तिला काढलं. चालक मला म्हणाले, ‘अ‍ॅक्शन घेतली.’

मी महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी रजिस्टरांत गेली, एका बैठकीत भरलेलं रजिस्टर मला लांबून ओळखू येतं. म्हणून रविवारी दुपारी, अ‍ॅम्ब्युलन्सची वाट पाहताना, मी रात्रीच्या फेऱ्यांचं रजिस्टर मागितलं. त्यांनी बिनदिक्कत दिलं. शनिवार, रात्री 12: झोपल्या आहेत. 2: झोपल्या आहेत. 4: झोपल्या आहेत. चारला अक्का फरशीवर पाढे म्हणत होती. इथवर माझी तयारी होती, सरकारी नोकरीत यापेक्षा बरंच पाहिलंय. पण खाली रविवारच्या रात्रीच्या नोंदीही भरून तयार होत्या. 12, 2 आणि 4. झोपल्या आहेत. दुपारचा एक वाजला होता आणि अक्का बाहेर स्ट्रेचरवर होती. मी ते पान मोबाइलवर टिपायला गेलो तर रजिस्टर माझ्या हातून काढून घेतलं.

ऑपरेशन मंगळवारी झालं. अशा फ्रॅक्चरचं ऑपरेशन होता होईतो 48 तासांत व्हावं, असं डॉक्टरांचं म्हणणं. आमचे पहिले आठ-नऊ तास फरशीवर, मालिश करण्यात आणि शेक देण्यात गेले.

मी भांडायला गेलो तेव्हा चालकांनी प्रवेशाचा अर्ज पुढे केला. कलम 14: ‘निवासीच्या पडझडीस संस्था जबाबदार राहणार नाही.’ खाली सही माझी. पडझड हा शब्द मी आयुष्यभर लिहिला. अतिवृष्टीत घरांची अंशतः पडझड, पूर्णतः पडझड. माणसाला लावलेला तिथे पहिल्यांदा वाचला, आणि वाचूनही सही केली. वकील म्हणतात असल्या कागदाने हात झटकता येत नाहीत, ग्राहक आयोगात जा. जाईन. अक्का 81 ची आहे, तारखा कितव्या वर्षापर्यंत पडतील ते तीच हिशेब करून सांगेल.

कायद्याचंही थोडं सांगतो. ज्येष्ठांच्या निर्वाहाचा 2007 चा कायदा आहे, त्यातले अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढे चालतात. मुलगा आईला पोसत नसेल तर दरमहा 10 हजारांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. मात्र खाजगी वृद्धाश्रमात रात्री किती माणसांमागे किती जण जागे हवेत, हा आकडा त्या कायद्यात शोधून सापडणार नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक आलं होतं, त्यात अशा निवासगृहांची नोंदणी आणि किमान दर्जा होता. ते स्थायी समितीकडे गेलं आणि 2024 ला लोकसभेची मुदत संपली तसं तेही संपलं. त्यावर चौकट आल्याचं मला तरी आठवत नाही. राज्य सरकार वयोश्री योजनेत 65 वर्षांवरच्या गरजूंना वॉकर, कमोड खुर्चीसाठी एकदाच 3 हजार देतं आणि वेगळ्या तीर्थदर्शन योजनेत माणशी 30 हजारांपर्यंत. देवाच्या दारापर्यंत पोचवायची सोय झाली. पलंगापासून मोरीपर्यंतची व्हायची आहे.

रेशन दुकानाला साठ्याचा फलक बाहेर लावावा लागतो. तसा वृद्धाश्रमाच्या दारावर एक फलक लावा: निवासी इतके, आज रात्री जागे इतके. त्याला विधेयक लागत नाही, खडू लागतो. आणि आपल्या वार्ताहरांना सांगा, पुढच्या वेळी मुलाच्या संस्कारांची चौकशी करण्याआधी रात्रीचं रजिस्टर मागा. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे, जगात दरवर्षी 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात, आणि त्यात सगळ्यांत जास्त साठीपुढची. तेही सगळे तोल जाऊनच पडले असतील.

अक्का आता आमच्या हॉलमध्ये आहे. तीन मजले तिला खुर्चीतून चौघांनी वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरलेली नाही. वॉकर तिच्या उशाशी असतो. मी झोपलो की नाही हे ती तपासते. जाता जाता, शब्दकोड्याचा टाइप गेल्या महिन्यापासून आपण बारीक केला आहे. अक्काचा दिवस त्यावर जातो. भिंगातूनही ‘उभे शब्द’ लागत नाहीत, मला वाचून दाखवावे लागतात आणि मग उत्तरं मीच सांगितली असा तिचा आरोप होतो. तो टाइप पूर्ववत करावा.

नाव आणि पत्ता सोबत जोडला आहे, पण कृपया छापू नये. डिपॉझिटचे 2 लाख अजून त्यांच्याकडेच आहेत. एक महिन्याची नोटीस न देता जागा सोडली म्हणून त्यातले 22 हजार कापणार असल्याचं पत्र मात्र वेळेवर आलं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सदाशिव पेठ, पुणे 30