राजीनामा ड्राफ्टमध्येच राहिला

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर रागवाल. पण स्टार्टअप वीकेंडच्या (शुक्रवार रात्र ते रविवार, 54 तासांत अनोळखी माणसांनी टीम करून नव्या धंद्याची कल्पना उभी करायचा कार्यक्रम) त्या शनिवारी दुपारी तुम्ही मार्गदर्शक म्हणून आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसलात, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. परवा एका मित्रानं विचारलं, ‘असल्या कार्यक्रमांना जाऊन काही हाती लागतं का रे?’ त्याला उत्तर देताना सारख्या तुम्हीच आठवत होतात. म्हणून हे जाहीर पत्र.

आमची टीम वॉरंटीवाली. शुक्रवारी रात्री 60 सेकंदांत मी कल्पना मांडली होती: बिलाचा फोटो काढून ठेवा, वॉरंटी संपत आली की ॲप आठवण करून देईल. मतं पडली, चार अनोळखी माणसं येऊन मिळाली आणि मी हवेत. तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, पण नोकरीचा राजीनामा मेलच्या ड्राफ्टमध्ये लिहून तयार होता. वर्षभर पुरेल एवढी शिल्लक होती, ती सगळी या ॲपवर लावायची होती.

तुम्ही पर्समधून एक बिल काढून टेबलावर ठेवलंत. कोरं. थर्मल कागदावर शाई नसतेच, उष्णतेनं काळा पडणारा लेप असतो आणि त्यावरची अक्षरं दिवसेंदिवस उडत जातात. मला वाटलं, चला, आयता पुरावा मिळाला! तुम्ही शांतपणे विचारलंत, ‘हे उडालेलं दिसलं तेव्हा मी काय केलं असेल?’ आम्ही गप्प. ‘दुकानात फोन केला. त्यांनी मोबाइल नंबरवरून बिल शोधून पाठवलं. संपलं.’

मग सगळ्यांना लॅपटॉप मिटायला लावलेत. शनिवारी दुपारी! निम्मा वेळ संपत आलेला, आमचा प्रोग्रामर तर चिडून उठूनच गेला. (तासाभरानं आला परत.) तुमची अट एकच होती: ‘ॲप आवडेल का’ असं विचारायचं नाही, कारण तोंडावर नाही कुणी म्हणत नाही. मागच्या वेळी बिल सापडलं नाही तेव्हा काय केलंत, एवढंच विचारायचं आणि ऐकत राहायचं. संध्याकाळपर्यंत 11 फोन झाले. 9 जणांचं उत्तर हुबेहूब तुमचं. एकाला जन्मात कधी बिल लागलंच नव्हतं. अकरावे गृहस्थ एका मोठ्या ऑफिसची देखभाल सांभाळणारे. एसी, प्रिंटर, पंप मिळून दीडशेच्या वर यंत्रं आणि सगळा हिशेब एका वहीत. त्यांनी वीस मिनिटं फोन ठेवू दिला नाही.

रविवारी आम्ही तेच मांडलं. नंबर आला नाही, आणि यायला नकोच होता. आमच्याकडे दाखवायला तीन स्क्रीन होत्या, त्यातली एक कोरी.

आणखी एक गोष्ट तेव्हा मनातून आवडली नव्हती. ‘सोमवारी हे कोणाचं?’ असं विचारून तुम्ही एका पानावर सगळं लिहून घेतलंत. कोड ज्यानं लिहिला त्याचा, पुढं काम करायचं असेल तर पुन्हा बसून वाटणी ठरवायची, खाली पाच सह्या. कार्य व्हायच्या आधीच काडीमोडाची भाषा, असं वाटलं. पुढं दुसऱ्या एका टीमचं नेमकं यावरूनच बोलणं बंद झालं. आम्ही पाचही जण अजून बोलतो.

मित्राला झॅपियर या सॉफ्टवेअर कंपनीचं उदाहरण तोंडपाठ आहे. 2011 साली अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबिया शहरात अशाच वीकेंडला त्याचा पहिला नमुना बांधला गेला, हे खरंच आहे. पण त्यानंतर कित्येक महिने संस्थापक रात्री जागून काम करत होते, नव्या कंपन्यांना पैसे आणि मार्गदर्शन देणाऱ्या वाय कॉम्बिनेटरनं त्यांना आधी नाकारलं आणि 2012 मध्ये घेतलं, एवढा भाग तो गाळतो. 2007 मध्ये अमेरिकेतल्याच बोल्डर शहरात पहिला स्टार्टअप वीकेंड भरला, तेव्हा तर सत्तरेक जणांनी मिळून एकच कंपनी काढायचा घाट घातला होता. सत्तर भागीदार! 54 तासांत कंपनी उभी राहते ही समजूत घेऊन जाणाऱ्याला मी तरी जाऊ नको म्हणेन. ज्याच्याकडे पैसे देणारी गिऱ्हाइकं आधीच आहेत त्यालाही. त्यानं ते दोन दिवस त्यांनाच फोन करावेत. पण डोक्यात वर्षभर एकच कल्पना घोळतेय आणि राजीनामा ड्राफ्टमध्ये आहे, असा कुणी असेल तर त्यानं डोळे झाकून जावं. माझी वर्षाची शिल्लक एका दुपारी वाचली.

तो ड्राफ्ट सोमवारी पुसला. नोकरी चालू आहे. देखभालवाल्या गृहस्थांना एक साधी एक्सेल शीट करून दिली, ती ते वापरतात. पैसे देतो म्हणाले नाहीत, मीही मागितले नाहीत. मागून बघायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मागतो.

आणि हो, गडबडीत तुमचं ते बिल माझ्या वहीत राहिलंय. हवं असेल तर पाठवतो. कशाचं आहे ते मात्र तुम्हालाच आठवावं लागेल.

आपला,
वॉरंटीवाला