रंग न लावल्याबद्दल

धुळे

आप्पा,

सप्रेम नमस्कार.

आभार मानायला फोन केला की तुम्ही "ऱ्हाऊ द्या ना ताई" म्हणून विषय बदलता, म्हणून लिहायलाच बसले. तुमचा नातू वाचून दाखवेल. चारचौघांत लिहितेय, कारण आपल्याकडे घरोघरी एक तरी विडी ओढणारे आजोबा होऊन गेलेत, आणि त्यांची खोली रंगवायला काढणाऱ्याला तुमच्यासारखा रंगारी भेटेलच असं नाही.

काम झालं उन्हाळ्यात आणि आभार मानायला दसरा उजाडला, कारण मी पावसाळा जायची वाट बघत होते. नवा रंग पहिल्या आठवड्यात कुठल्याही भिंतीवर छानच दिसतो. हवा दमट झाली, भिंतीने ओल धरली, की मग आतलं बाहेर येतं. आबांच्या खोलीत काही आलं नाही. पिवळा ओघळ नाही, ठिपका नाही, वाससुद्धा नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. एसटीत ड्रायव्हर होते. नोकरी होती तोवर विडी, पेन्शन सुरू झाल्यावर सिगारेट. धुळ्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. दुपारी दारं-खिडक्या लावून, पडदे ओढून ते पलंगावर पडायचे आणि धूर त्याच चार भिंतींत फिरत राहायचा. ते गेल्यावर खोली नुसती बंद होती. मग लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं. घरात हवेशीर म्हणावी अशी तीच एक खोली.

तुमच्याआधी रंगारी येऊन गेले होते. एक म्हणाला, दोन हात मारतो, चकाचक. दुसऱ्याने गडद रंग सुचवला, म्हणजे डाग दिसायचाच नाही! तुम्ही आलात आणि रंगाचं कार्ड उघडायच्या आधी कॅलेंडर उतरवलंत. खाली चौकोनभर स्वच्छ आकाशी रंग, भोवती सगळं बदामी. ती खोली आकाशी होती हे माझ्या नवऱ्यालाही आठवत नव्हतं. मग तुम्ही पांढरं फडकं ओलं करून छताच्या कडेला फिरवलंत. फडक्यावर आलं ते गाळणीतून उतरलेल्या कोऱ्या चहासारखं. ते फडकं माझ्या हातात देऊन तुम्ही म्हणालात, "ताई, या भितले मी आते रंग लावाव नही. पहिले धोवानं, मंग रंग."

हातात आलेलं काम कोण असं सोडतं? ऐन लग्नसराईत, जेव्हा रंगाऱ्याला चार घरं थांबलेली असतात आणि पटापट हात मारून मोकळं होण्यातच कमाई असते, तेव्हा तुम्ही ओट्यावर बसून मला कारण समजावलंत. हल्लीचे रंग पाण्यातले, आणि हा डागही पाण्याने सुटणारा. ओला रंग भिंतीवर बसला की खालचं निकोटिन आणि डांबरासारखा चिकटा त्यात विरघळतो, आणि रंग वाळता वाळता पृष्ठभागावर येऊन बसतो. तीन हात दिले तरी तेच. वर, भिंत धुवायला तुम्हाला मजुरी द्यायची माझी तयारी होती तर तीही नाकारलीत. "घरचंच काम आहे, मजुरी कशाला घालवता," म्हणून स्वतःचा चढायचा घोडा आमच्याकडे ठेवून गेलात.

लेक त्या रात्री फोनवर म्हणाली की हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. २०१० साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या संशोधकांनी दाखवलंय की भिंतीवर, कपड्यावर बसलेल्या निकोटिनची हवेतल्या नायट्रस आम्लाशी क्रिया होते आणि कॅन्सर करणारी नायट्रोसामाइन्स तयार होतात. नायट्रस आम्ल गॅसच्या शेगडीतून, गाड्यांच्या धुरातूनही येतं. म्हणजे ओढणारा माणूस गेला तरी त्याचा धूर काम करतच राहतो. आणि रांगणारं मूल आधी जमिनीला हात लावतं, मग तोच हात तोंडात घालतं. हे ऐकल्यावर आमच्या घरातला "एवढं काय त्यात" हा सूर बंद झाला.

आता धुण्याचं. तुम्ही सांगितलेलं इथे नीट लिहून ठेवते, कारण हे कुणी सांगत नाही. मेन स्विच बंद. खिडक्या उघड्या. हातात रबरी मोजे, कारण निकोटिन कातडीतूनही अंगात जातं. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा, आणि सुरुवात खालून वरती! मला हे उलटंच वाटलं होतं. पण वरून सुरू केलं की मळकं पाणी खालच्या कोरड्या भिंतीवर ओघळतं आणि त्या रेघा मग जाता जात नाहीत. खालची भिंत आधीच ओली असली तर ओघळ नुसता पुसला जातो. साध्या पाण्याने खळाळताना मात्र वरून खाली. खालचा कंबरेएवढा ऑइल पेंटचा पट्टा असा निघाला की मोरपंखी असल्याचं त्या दिवशी कळलं. वरचं डिस्टेंपर धुण्याजोगं नव्हतंच. ते तुम्ही म्हणालात तसं पाणी मारून, ओलं असतानाच पट्टीने खरवडून काढलं. छताचा चुनाही तसाच.

काचा, फ्रेमा, स्विचबोर्डाची झाकणं, पंख्याची पाती यांना व्हिनेगरचं पाणी. निकोटिन आम्लाच्या उलट, अल्कासारखं वागतं, आंबटात चटकन सुटतं. पंख्याच्या पात्यावर बोट ठेवलं तर बोट चिकटत होतं, त्यावरून फडकं फिरलं आणि खालचा पांढरा रंग दिसला, तेव्हा आमच्या धाकट्याने अख्खा पंखा एकट्याने केला. पण ते पाणी फरशीवर सांडू न देण्याबद्दल तुम्ही बजावलं होतंत ते बरं. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आंबट पडलं की पांढरट होऊन बसते.

आणि ते ब्लीचिंग पावडरचं! शेजारच्या काकूंनी प्रेमानेच सुचवलं होतं की एकाच बादलीत ब्लीचिंग आणि व्हिनेगर दोन्ही टाका, दुप्पट निघेल. तुम्ही पायरीवरूनच ओरडलात. या दोन्हींतून क्लोरीन वायू निघतो, बंद खोलीत तर जिवावरच. तुमचा आवाज एवढा चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. काकू रुसल्या होत्या, आता बोलतात.

ऑइल पेंटच्या पट्ट्यावर घासायचा पेपर नुसता कोरडा मारायलाही तुम्ही नाही म्हणालात. जुन्या रंगात शिसं असायचं. घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांच्या, वर चालणार नाही हा नियम लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, आणि आमचा पट्टा त्याच्या कितीतरी आधीचा. पाणी लावून वॉटर पेपरने घासलंत, चोथा गोळा करून पिशवीत बांधलात, आणि लेकीला तेवढे दिवस देवपूरला मामाकडे धाडायला लावलंत. कायदा तुम्ही वाचला नसेल, पण गरोदर बाईला त्या धुळीत उभं करायचं नाही एवढं तुम्हाला पक्कं ठाऊक होतं.

मग चपडी. सुतार पॉलिशला वापरतात ती लाख, पळस-बोरीवरच्या किड्याची, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. भिंतीला चपडी लावताना मी कधी पाहिलं नव्हतं. डाग पाण्याने सुटतो आणि चपडी पाण्याने सुटत नाही, म्हणून मधे तिचा पडदा घालायचा, सरळ हिशोब. पण त्याआधी तुम्ही भिंतीवर ओलं बोट फिरवून जिभेला लावलंत. सोड्याचा अंश राहिला तर चपडी धरत नाही म्हणे. एका कोपऱ्यात लागला, तो कोपरा आम्हाला पुन्हा खळाळायला लावलात! स्पिरिट भडकतं म्हणून देवघरातली समईसुद्धा शांत करायला लावलीत. दोन पातळ हात, वाळल्यावर हलका पेपर, मग प्रायमर, मग रंग.

कापसाची गादी पुन्हा पिंजून भरावी असं मला वाटत होतं. तुम्ही म्हणालात, पिंजला तरी कापूस तोच, वासही तोच. गादी गेली, पडदे गेले, कूलरची गवताची जाळी गेली. त्याचं दुःख कुणाला नव्हतं. गोधडीचं होतं. ती सासूबाईंनी शिवलेली, आबा शेवटपर्यंत तीच पांघरायचे. सासूबाई ती कुणाला हात लावू देईनात. बाळाच्या खोलीत ठेवणंही शक्य नव्हतं.

इथे खरं तर मला तुमचे सगळ्यात जास्त आभार मानायचेत, आप्पा. पूर्ण काम चाललं तोवर घरात येणारा प्रत्येक जण आबांना नावं ठेवून गेला. केवढं ओढलं म्हातारबाने, भिंतीची ही गत तर छातीची काय असेल, असलं बरंच. सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. तुम्ही एकदाही असं बोलला नाहीत. उलट त्यांच्याजवळ बसून विचारलंत, आबा कोणत्या रूटला होते. साक्री-नवापूर म्हटल्यावर तुम्ही त्या गाडीने तरुणपणी कामाला जायचात हे निघालं, आणि मग तुम्हा दोघांच्या गप्पा चहा होऊन गेला तरी संपेनात. गोधडी उन्हात टाकून, मग त्यांच्या स्वतःच्या ट्रंकेत, बाळाच्या खोलीपासून लांब ठेवायची, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा त्यांनी निमूट ऐकलं. मी सांगून थकले होते.

नात श्रावणात झाली. ठणठणीत आहे. त्या खोलीत आता कुणी ओढत नाही. माझे मोठे दीर येतात ते गल्लीच्या टोकाला जाऊन येतात, आणि आल्यावर सासूबाई त्यांना हातपाय धुवून शर्ट बदलायला लावतात, तेव्हा कुठे बाळ हातात मिळतं.

हिशोबाचे पैसे तुम्ही कमी घेतलेत, ते मी पकडलंय. चपडी आणि स्पिरिटचं बिल तुम्ही लावलंच नव्हतंत. मी दुकानात जाऊन विचारून आले. तेवढे नातवाकडे देते, परत पाठवू नका. आणि गल्लीतल्या दोन घरांनी तुमचा नंबर मागितलाय. दिलाय, पण दिवाळीआधी माझं स्वयंपाकघर करायचं, मग त्यांचं. तिथे नुसती फोडणीची चिकट आहे, तुम्हाला काही जड नाही.

वहिनींना नमस्कार.

तुमची,
गल्लीतली ताई