अभ्यासिकेत एक खोली बोलण्यासाठी हवी

संपादक महोदय,

ठाणे आणि नवी मुंबईत अभ्यासिका आहेत आणि परीक्षा जवळ आल्या की तिथे बसायला जागा मिळत नाही. अभ्यासिकेचा पहिला नियम ‘शांतता राखा’ असा असतो आणि तो योग्यच आहे. पण नोकरीत लागणारं इंग्रजी गप्प बसून येत नाही. म्हणून दोन्ही महापालिकांना माझी विनंती आहे, की आठवड्यातून दोन दिवस या अभ्यासिकांतली एक खोली इंग्रजी बोलण्याच्या सरावासाठी मोफत द्यावी.

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्स बघत होतो. आमच्याकडे आयटीआय केलेला एक फिटर होता, कामात एक नंबर. एका पंपाचा आवाज यायला लागला, तेव्हा दुखणं त्याने बरोबर हेरलं होतं. पंप सुरू केल्यावर अर्धा तास ठीक चालतो, तापला की कपलिंगच्या, म्हणजे पंप आणि मोटर जोडणाऱ्या भागाच्या, बाजूने आवाज सुरू होतो, म्हणजे गरम झाल्यावर दोन्हींची सरळ रेष (अलाइनमेंट) सरकते. पुरवठादार चेन्नईचा. कॉलवर त्यांनी प्रॉब्लेम विचारला, तेव्हा हा एवढंच म्हणाला, ‘साउंड कमिंग, सर.’ तिकडून बेअरिंग बदलायला सांगितलं, हा ‘ओके सर’ म्हणाला. बेअरिंग बदललं, त्यासाठी लाइन बंद ठेवली, आवाज होता तसाच. नंतर चहा पिताना त्याने मला सगळं मराठीत सांगितलं, तेव्हा खरा प्रकार कळला. वर्षअखेरीस अप्रेझलमध्ये ‘कम्युनिकेशन कमी पडतं’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. ते सुधारावं म्हणून कंपनीने मात्र काहीच केलं नाही. याचा मला आजही राग येतो.

त्याला म्हणायचं होतं ते एवढंच: ‘द पंप रन्स फाइन फॉर हाफ ॲन अवर. देन द नॉइज स्टार्ट्स फ्रॉम द कपलिंग साइड.’ यातला एकही शब्द त्याला नवा नव्हता. ते तोंडातून काढायची सवय नव्हती आणि चुकलो तर सगळे हसतील ही धास्ती होती.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. तेव्हा पहिलीत असलेली मुलं आज तिशी ओलांडून गेली आहेत. मग ती बोलत का नाहीत? दहावीला भाषेच्या १०० गुणांपैकी २० गुण शाळेच्या हातात असतात, तोंडी परीक्षा त्यातच येते, पण बोलणं किती आलं हे त्यातून कधी कळत नाही. २०१९ला हे शाळेच्या हातातले गुण काढून टाकले आणि राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. पुढच्याच वर्षी ते परत आणले. तोंडी परीक्षेचा उपयोग आपण पास करण्यापुरताच ठेवला आहे, हे त्यातून दिसलं.

ठाणे स्टेशनबाहेर ‘फाडफाड इंग्रजी’च्या जाहिराती भरपूर दिसतात. तिथे मुलं स्वतःची ओळख आणि छंद पाठ करून येतात. कामावर लागतं ते वेगळंच: काय बिघडलं, कधीपासून, मी काय करून पाहिलं, मला तुमच्याकडून काय हवं. मेलचंही तसंच. ‘प्लीज डू द नीडफुल’ लिहिलं की समोरच्याला काहीच बोध होत नाही. ‘प्लीज सेंड द टेस्ट सर्टिफिकेट बाय फ्रायडे’ लिहिलं की कागद येतो. आणि सगळ्यात आधी शिकवायला हवं ते ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन?’ न कळता ‘यस सर’ म्हणणं प्लांटवर धोक्याचं असतं. कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा हे नीट न ऐकता माणूस कामाला लागला, तर कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतं.

यासाठी मोठा खर्च नाही. ठाण्यात आणि ऐरोली-वाशी पट्ट्यात निवृत्त इंजिनीअर, बँक अधिकारी, शिक्षक भरपूर आहेत. बोलावलं तर ते येतील. त्यांनी मराठीतच समजावावं आणि सराव इंग्रजीत घ्यावा. उच्चार साहेबी असण्याची काही गरज नाही. वागळे इस्टेटमधली टिसा आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातली टीबीआयए या उद्योजकांच्या संघटनांनी कंपन्यांची नावं झाकून शिफ्ट रिपोर्ट, तक्रारीचे मेल असे खरे नमुने दिले, तर पुस्तकाचीही गरज उरणार नाही. ठाणे महापालिका चिंतामणराव देशमुख प्रशिक्षण संस्थेत स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेतेच. कारखान्यातल्या मुलांसाठी सुरुवात तिथूनही करता येईल.

वेळ ठरवताना पाळ्यांचा विचार व्हावा. पहिल्या पाळीची मुलं दुपारी तीननंतर सुटतात, जनरल शिफ्टवाले ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीतून घरी पोचेपर्यंत सात वाजतात. तेव्हा एक वर्ग चारला आणि एक साडेसातला असावा. ऐरोलीत खोली मिळाली तर दोन्ही वेळा यायची माझी तयारी आहे.

– एक निवृत्त मेंटेनन्स इंजिनीअर, ऐरोली