सूचना: ईएसपी३२ किटची छापील पुस्तिका जुनी आहे

उद्यमनगर, शिरोलीतल्या सर्व सभासदांसाठी: पुस्तिकेतले मोटरचा वेग बदलणारे जुने प्रोग्रॅम अर्डुइनोच्या ईएसपी३२ कोअर ३.० (२०२४) वर, म्हणजे या कंट्रोलर बोर्डासाठीच्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर, जसेच्या तसे चालत नाहीत. 'लेडसी-सेटअप' (ledcSetup) आणि 'लेडसी-अटॅच-पिन' (ledcAttachPin) या आज्ञा काढून टाकल्यात. त्यांच्या जागी एकच 'लेडसी-अटॅच' (ledcAttach) वापरा: पिन, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किती स्पंद), रिझोल्यूशन (किती बिट) (उदा. १८, ५०००, ८). जुन्या आज्ञा राहिल्या तर ती चूक कम्पायलरच (प्रोग्रॅमचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) पकडतो.

खरी फसगत वेग ठरवणाऱ्या 'लेडसी-राइट'मध्ये (ledcWrite) आहे. पूर्वी पहिला आकडा चॅनेलचा (बोर्डाच्या आतल्या स्पंद-वाहिनीचा) होता, आता पिनचा आहे. तिथे जुन्या चॅनेलचा ० तसाच राहिला तर प्रोग्रॅम बिनतक्रार अपलोड होतो, मोटर मात्र जागची हलत नाही. मग धडधाकट मोटर ड्रायव्हर (मोटरला वीज देणारं सर्किट) उगाच बदलला जातो. आधी ही ओळ तपासा, कृपा करून.

मशीन चालू कामावर असेल तर अर्डुइनोच्या बोर्ड्स मॅनेजरमधून (कोअरची आवृत्ती निवडायची जागा) जुन्या कोअर २.०.१७ वरच राहा आणि आवृत्ती बोर्डावर चिकटपट्टीवर लिहून ठेवा.